अर्ली कॉलेज: अमेरिकेत नव्याने आलेल्या पालकांनी सुरुवात कुठून करावी

भारतातून अमेरिकेत आलेल्या घरात मूल सातवी-आठवीत असेल, तर पहिल्या वर्षभरात 'अर्ली कॉलेज' हे शब्द कानावर पडतातच. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत कुणीतरी सांगतं, की अमक्यांच्या मुलीने बारावीबरोबरच कॉलेजची दोन वर्षंही उरकली, तीही फुकटात. ऐकणाऱ्याच्या डोक्यात लगेच हिशेब सुरू होतो: दोन वर्षं वाचली, दोन वर्षांची फी वाचली, मग आपल्याला हे आधी कुणी सांगितलं कसं नाही?

हिशेब खोटा नाही, अर्धवट आहे. मी नॉर्थ कॅरोलायनात राहते आणि नव्याने आलेले पालक या विषयावर बरेचदा फोन करतात, त्यामुळे उदाहरणं जास्त करून इथलीच येतील. माझं मत आधीच सांगून टाकते. मुलाने किती क्रेडिट जमवले, यावर फार काही ठरत नाही. त्याला पुढे जिथे आणि जे शिकायचंय, त्या पदवीच्या आराखड्यात ते क्रेडिट कुठे बसतात, यावर सगळं ठरतं. म्हणून सुरुवात शेवटाकडून करायची. पण त्याआधी शब्दांचा गुंता सोडवू.

नाव एक, प्रकार चार

इथे नववी ते बारावी ही चारही वर्षं शाळाच असते. आपल्यासारखं ज्युनिअर कॉलेज मध्ये येत नाही. त्यानंतर चार वर्षांची बॅचलर डिग्री, साधारण १२० क्रेडिटची. कम्युनिटी कॉलेज म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेज; त्याची दोन वर्षांची असोसिएट डिग्री साधारण ६० क्रेडिटची. एक क्रेडिट म्हणजे पंधरा-सोळा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये दर आठवड्याला एक तास वर्ग आणि त्यावर घरी दोनेक तास अभ्यास. वॉशिंग्टनसारख्या राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांत क्वार्टर पद्धत आहे, तिथे आकडे दीडपट होतात: ६०च्या जागी ९०.

आता प्रकार. पहिला आणि खरा 'अर्ली कॉलेज' म्हणजे अर्ली कॉलेज हायस्कूल. ही स्वतंत्र सरकारी शाळा असते, बहुधा कम्युनिटी कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या आवारातच. मूल नववीत तिथे जातं, पहिली दोन वर्षं मुख्यतः शाळेचे विषय आणि हळूहळू कॉलेजचे, अकरावी-बारावीत जवळपास सगळेच कॉलेजचे. शेवटी शाळेचा डिप्लोमा (म्हणजे बारावी पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र) आणि असोसिएट डिग्री, किंवा तिच्या जवळपास जाणारे क्रेडिट. काही ठिकाणी त्यासाठी पाचवं वर्षही देतात, त्याला 'तेरावी' म्हणतात. ग्रीन्सबरोतल्या गिलफर्ड कॉलेजमधलं अर्ली कॉलेज २००२ साली सुरू झालं, डरममधल्या नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल युनिव्हर्सिटीच्या आवारातलं जे. डी. क्लेमेंट २००४ साली. या राज्यात अशा शाळा आता शंभराहून जास्त आहेत. शाळा लहान असतात. कायद्यानेच एका इयत्तेत शंभराच्या वर मुलं घेता येत नाहीत.

दुसरा प्रकार ड्युअल एनरोलमेंट. मूल आपल्या नेहमीच्या हायस्कूलमध्येच राहतं आणि एखाददुसरा, फार तर तीन-चार कोर्स कॉलेजमध्ये घेतं. याला प्रत्येक राज्यात वेगळं नाव आहे: वॉशिंग्टनमध्ये रनिंग स्टार्ट, ओहायोत कॉलेज क्रेडिट प्लस, नॉर्थ कॅरोलायनात करिअर अँड कॉलेज प्रॉमिस, मिनेसोटात पीएसईओ. मिनेसोटाची योजना १९८५ची, राज्यव्यापी योजनांमध्ये सगळ्यात जुनी. नव्याने आलेल्या बहुतेक मराठी मुलांना प्रत्यक्षात उपयोगी पडतो तो हाच प्रकार, पण बोललं जातं पहिल्याबद्दल.

तिसऱ्या प्रकारात कॉलेजचा कोर्स शाळेतच, शाळेतलेच शिक्षक शिकवतात. कॉलेज त्यावर शिक्कामोर्तब करतं. सोयीचा, पण कॉलेजचा अनुभव म्हणाल तर कमीच. चौथा अगदी थोड्यांसाठी: हायस्कूल अर्धवट सोडून थेट विद्यापीठात. टेक्सासमध्ये डेंटनच्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्सासची गणित-विज्ञान अकादमी, जिथे अकरावी-बारावीची मुलं वसतिगृहात राहून विद्यापीठाचे वर्ग करतात, किंवा सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचा लवकर प्रवेशाचा कार्यक्रम, ही त्यातली नावाजलेली ठिकाणं.

आणि एपी? एपी म्हणजे यातलं काहीच नाही. ते हायस्कूलमधले कठीण कोर्स. मे महिन्यात कॉलेज बोर्डाची एक परीक्षा, १ ते ५ गुण, आणि त्या गुणांवर क्रेडिट द्यायचं की नाही हे पुढचं कॉलेज ठरवतं. ड्युअल एनरोलमेंटमध्ये एका दिवसाच्या परीक्षेवर काही नसतं, सेमिस्टरभराच्या कामाची ग्रेड मिळते. परीक्षेच्या दिवशी गळपटणाऱ्या मुलांना हे मानवतं. रोजचं काम शेवटच्या रात्री करणाऱ्यांना मुळीच मानवत नाही.

पहिली पायरी: मूल कुठे जाणार, याचा अंदाज घ्या

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला नक्की ठाऊक नसतं, ठीक आहे. पण ढोबळ दिशा घरात बोलता येते, आणि त्या दिशेनुसार उत्तर पार बदलतं.

राज्यातल्याच सरकारी विद्यापीठात जायचं असेल, तर अर्ली कॉलेजइतकी फायद्याची गोष्ट दुसरी नाही. कारण राज्याने कम्युनिटी कॉलेजं आणि विद्यापीठं यांच्यात करार करून ठेवलेले असतात. नॉर्थ कॅरोलायनात असा सर्वसमावेशक करार आहे: असोसिएट डिग्री ठरलेल्या पद्धतीने पूर्ण केली, की यूएनसीच्या, म्हणजे राज्याच्या सरकारी विद्यापीठ-समूहाच्या, सोळा विद्यापीठांपैकी कुठेही प्राथमिक सामान्य अभ्यासक्रम पुरा झाला असं धरतात. सुटा कोर्सही तिथे चालतो, पण 'सी' किंवा त्याहून वरची ग्रेड हवी. फ्लोरिडात सगळ्या सरकारी कॉलेजांत कोर्सचे क्रमांकच सारखे आहेत, त्यामुळे वादाला जागा फार कमी. कॅलिफोर्नियात असिस्ट नावाची सरकारी वेबसाइट आहे. कम्युनिटी कॉलेजचं नाव आणि विद्यापीठाचं नाव टाकलं की कुठला कोर्स कशाच्या जागी चालतो ते समोर येतं. आपल्या राज्यात अशी यादी कुठे आहे, ते आधी शोधा. तासाभराचं काम आहे आणि बाकी सगळ्यापेक्षा मोलाचं आहे.

नामवंत खासगी विद्यापीठांकडे डोळे लागलेले असतील, तर चित्र वेगळं. हायस्कूलचा डिप्लोमा मिळवण्यासाठी जो कोर्स मोजला गेला त्याला क्रेडिट नाही, असा नियम त्यातल्या बऱ्याच जणांचा असतो. काहींना वर्ग कॉलेजच्याच आवारात, कॉलेजच्या विद्यार्थ्यांबरोबर झालेला लागतो. म्हणजे साठ क्रेडिट घेऊन गेलेलं मूल तिथे पहिल्या वर्षालाच बसेल. ते वाया गेले असं मी म्हणणार नाही. मूल कॉलेजचं ओझं पेलतं, हे अर्जात दिसतंच. फक्त दोन वर्षांची फी वाचणार या भरवशावर घराचं बजेट मांडू नका.

इंजिनिअरिंगचा प्रश्न आपल्या लोकांत सगळ्यात जास्त येतो, म्हणून इथे जरा थांबते. इंजिनिअरिंगचे विषय साखळीने येतात: कॅल्क्युलस एक, मग दोन, मग तीन, मग डिफरन्शियल इक्वेशन्स; त्याच्या जोडीने फिजिक्स; आणि हे झाल्याशिवाय शाखेचे विषय उघडत नाहीत. अशा मुलाने मानसशास्त्र, इतिहास, संगीताची ओळख, पब्लिक स्पीकिंग असे साठ क्रेडिट जमवले तरी त्याची साखळी जिथे होती तिथेच राहते. सामान्य विषय संपतात, सेमिस्टर हलकी होतात, एखादं वर्ष कमी होऊ शकतं. दोन वर्षं कमी होणं अवघड. उलट कॅल्क्युलस एक आणि दोन, केमिस्ट्री आणि इंग्रजीचे दोन कोर्स, एवढ्या चार-पाच गोष्टी नीट केलेलं मूल बरंच पुढे असतं. नॉर्थ कॅरोलायनाच्या कम्युनिटी कॉलेजांत इंजिनिअरिंगसाठी वेगळी असोसिएट डिग्री आहे. अर्ली कॉलेजमध्ये ती घेता येते का, हे शाळा निवडण्याआधीच विचारा.

डॉक्टर व्हायचं असेल तर एक गोष्ट लिहून भिंतीवर लावा. मेडिकल कॉलेजांच्या सामाईक अर्जात आयुष्यात घेतलेल्या प्रत्येक कॉलेज कोर्सची ग्रेड जाते, हायस्कूलमध्ये असताना घेतलेल्यांचीसुद्धा. सोळाव्या वर्षी बायॉलॉजीत मिळालेला 'सी' बावीसाव्या वर्षी समोर येतो.

हे कुणासाठी केलंय

थोडा इतिहास, कारण प्रवेशाचे नियम त्यातूनच आलेत. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजमध्ये १९७४ साली 'मिडल कॉलेज' हायस्कूल निघालं, शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलांसाठी. २००१ साली बार्ड कॉलेजने न्यूयॉर्क शहराबरोबर अर्ली कॉलेज काढलं. २००२पासून गेट्स फाउंडेशन आणि इतर काही संस्थांच्या पैशातून देशभर अशा शाळा उभ्या राहिल्या. डोळ्यांसमोर होती ती कमी उत्पन्नाच्या घरातली आणि घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजला जाणारी मुलं.

त्या मुलांना फायदा झाला का, याचा बऱ्यापैकी भक्कम अभ्यास झालाय. अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्च या संस्थेने दहा अर्ली कॉलेजांतली मुलं पाहिली, आणि तुलना केली ती लॉटरीत नंबर न लागलेल्यांशी. हे महत्त्वाचं, कारण नाहीतर 'हुशार मुलंच तिथे जातात' असं म्हणता आलं असतं. बारावी संपल्यावर सहा वर्षांनी अर्ली कॉलेजच्या सुमारे ४५ टक्के मुलांकडे असोसिएट किंवा बॅचलर पदवी होती. नंबर न लागलेल्यांत सुमारे ३४ टक्क्यांकडे.

आता आपल्या बाजूने बघू. नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्यात तीन गट लिहिलेत: शाळा सोडण्याचा धोका असलेली मुलं, आईवडील हायस्कूलच्या पुढे न शिकलेली मुलं, आणि वेगाने शिकवलं तर ज्यांना लाभ होईल अशी मुलं. आपली मुलं बहुधा तिसऱ्या गटात अर्ज करतात. फॉर्मवर 'पहिल्या पिढीतला विद्यार्थी' अशी चौकट असते आणि काही पालक 'अमेरिकेत पहिलीच पिढी की!' म्हणून तिथे खूण करतात. तसा तिचा अर्थ नाही. तुमची पुणे विद्यापीठाची बी.ई. हीदेखील पदवीच.

ज्याला शांत, लहान शाळा हवी आहे, ज्याला नव्या देशातल्या अडीच हजार मुलांच्या हायस्कूलमध्ये हरवल्यासारखं होतंय, त्याला अर्ली कॉलेज फार मानवतं. हा फायदा क्रेडिटच्या कुठल्याही यादीत सापडत नाही. तिथे शिक्षक नावाने ओळखतात. पण ज्याला फुटबॉल, मार्चिंग बँड, मोठं नाटक, रोबॉटिक्सचा तगडा संघ हवाय, त्याने नेहमीच्या शाळेत राहून एखाददुसरा कॉलेज कोर्स घेणंच बरं. अर्ली कॉलेजांना बहुधा स्वतःचे क्रीडासंघ नसतात. मुलाची हौस मारून मिळवलेले साठ क्रेडिट मला महाग वाटतात.

दुसरी पायरी: आठवीचा हिवाळा

अर्ली कॉलेज हायस्कूलचा अर्ज मूल आठवीत असतानाच करायचा असतो, आणि बऱ्याच जिल्ह्यांत त्याची मुदत हिवाळ्यातच संपते. उन्हाळ्यात भारतातून आलेलं, नववीत बसणारं मूल त्या वर्षापुरतं हुकलेलंच असतं. तरी फोन करा. जागा रिकामी झाली तर प्रतीक्षा यादीतून किंवा दहावीत घेणाऱ्या शाळा असतात.

अर्जात सातवी-आठवीच्या ग्रेड, शिक्षकांची शिफारस, मुलाने लिहिलेला छोटा निबंध आणि काही ठिकाणी मुलाखत असते; काही ठिकाणी नुसती लॉटरी. भारतातल्या शाळेचे निकाल इंग्रजीत, शाळेच्या शिक्क्यासह आणलेत ना, बघा. शिफारस इथल्या शिक्षकाची लागते. मूल येऊन दोनच महिने झाले असतील तर त्या शिक्षकाला आधी भेटून सांगा. निबंध मुलालाच लिहू द्या. आईने लिहिलेला निबंध वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदात कळतो.

मूल नववी-दहावीत आलं असेल तर घाबरायचं कारण नाही. ड्युअल एनरोलमेंटचा दरवाजा उघडाच असतो. नॉर्थ कॅरोलायनात तो मुख्यतः अकरावीपासून उघडतो आणि वेटेज (कठीण कोर्सला मिळणारा जादा गुण) न धरता २.८ जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, किंवा ठरलेल्या परीक्षेचे पुरेसे गुण लागतात. फ्लोरिडात ३.० जीपीए. ओहायोत तर सातवीपासून परवानगी आहे. असते म्हणून घ्यायचीच असं नाही. टेक्सासमध्ये कॉलेजचा वर्ग घ्यायला टीएसआय नावाची वाचन-लेखन-गणिताची चाचणी द्यावी लागते. या सगळ्यासाठी आठवी-नववीत गणिताची योग्य पातळी मिळणं कळीचं असतं. भारतातून आलेल्या मुलाला कागद नीट न पाहता खालच्या गणितात टाकलं जातं, असं घडतं. तेव्हा पहिल्याच आठवड्यात पातळी-चाचणी मागून घ्या.

तिसरी पायरी: काउन्सेलरची भेट

शाळेच्या काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात, तेव्हा वीस मिनिटांत काय विचारायचं ते कागदावर घेऊन जा. मी सांगते ते प्रश्न असे. या कोर्सची ग्रेड हायस्कूलच्या जीपीएत किती वेटेजने धरता? (नॉर्थ कॅरोलायनात पुढे विद्यापीठात चालणाऱ्या कॉलेज कोर्सला एपीइतकंच, म्हणजे एक पूर्ण गुण जास्त मिळतो; शाळेच्याच वरच्या पातळीच्या 'ऑनर्स' वर्गाला अर्धा.) हाच कोर्स शाळेच्या कुठल्या अनिवार्य विषयाच्या जागी चालेल? वर्ग कुठे भरतो, ऑनलाइन असतो का, शिकवतं कोण? पुस्तकांचे पैसे कोण देतं? आणि मुलाला ते झेपलं नाही, तर परत शाळेच्या वर्गात यायची मुदत कधीपर्यंत?

पुस्तकांचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, तसा नाही. मिनेसोटात आणि ओहायोच्या सरकारी कॉलेजांत पुस्तकंही योजनेत येतात, फ्लोरिडातही. वॉशिंग्टनच्या रनिंग स्टार्टमध्ये शिकवणी फी माफ, पण पुस्तकं, काही किरकोळ फी आणि येण्याजाण्याचा खर्च तुमचा. एकेका पुस्तकाला, किंवा ऑनलाइन गृहपाठाच्या कोडला, शंभर डॉलर सहज जातात.

येण्याजाण्याचं तर खासच बघा. अर्ली कॉलेजची बस दारात येत नाही. बरेचदा ठरावीक थांब्यावर मूल सोडावं लागतं. ड्युअल एनरोलमेंटमध्ये सकाळी अकराला शाळा सोडून दुपारी साडेबाराला दहा मैलांवर कॉलेज, हे घरात एकच गाडी असताना आणि दुसऱ्या पालकाचा वाहन परवाना अजून व्हायचा असताना जमत नाही. अशा घरांनी पहिल्या वर्षी शाळेत भरणारा किंवा ऑनलाइन कोर्स घ्यावा. आणखी एक गंमत: नॉर्थ कॅरोलायनातली अर्ली कॉलेजं कॉलेजच्या वेळापत्रकाने चालतात, त्यामुळे शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडते. धाकटा नेहमीच्या शाळेत असेल, तर उन्हाळ्याच्या भारतवारीची तिकिटं काढण्याआधी दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवा.

व्हिसाचा भाग

एच-४वर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या मुलाला इथे शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही. सरकारी शाळा मोफतच, आणि कॉलेजचे वर्गही घेता येतात. नोकरी मात्र करता येत नाही. काही अर्ली कॉलेजांत, विशेषतः पी-टेक पद्धतीच्या शाळांत (पहिली २०११ साली ब्रुकलिनमध्ये, आयबीएमबरोबर), कंपनीतली पगारी इंटर्नशिप कार्यक्रमाचा भाग असते. ती या मुलांना घेता येणार नाही, हे आधीच बोलून घ्या.

मोठा मुद्दा वयाचा. एकविसाव्या वर्षी मूल एच-४मधून बाहेर पडतं. भारतीयांच्या ग्रीन कार्डाच्या रांगेची स्थिती सगळ्यांना माहीत आहे. तोवर कार्ड आलं नाही तर मुलाला एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांच्या, फीऐवजी परदेशी विद्यार्थ्याची फी लागू होते. फेडरल आर्थिक मदत एच-४लाही नसतेच. अशा घराला अर्ली कॉलेजचा फायदा इतरांपेक्षा जास्त आहे: अठराव्या वर्षी साठ योग्य क्रेडिट हातात असतील, तर बॅचलर डिग्री एकवीस पूर्ण व्हायच्या आत किंवा आसपास संपू शकते. देशभरात सरकारी विद्यापीठाची इन-स्टेट शिकवणी फी सरासरी वर्षाला साडेअकरा-बारा हजार डॉलरच्या आसपास आहे. राज्याबाहेरच्यांना ती दुपटीहून जास्त पडते. म्हणून हा किरकोळ खर्चाचा प्रश्न नाही, एका वर्षाच्या फरकावर मोठी रक्कम अडकलेली असते. मात्र एच-४च्या मुलाला रहिवासी धरतात का, हे राज्याराज्यात वेगळं आहे. काउन्सेलरचं उत्तर यात पुरेसं नाही, कॉलेजच्या रजिस्ट्रारकडून लेखी घ्या.

चौथी पायरी: पहिलं सेमिस्टर

पहिल्यांदा एकच कोर्स, फार तर दोन. ज्यात मूल आधीच बरं आहे असा एक विषय, आणि कॉलेजात अभ्यास कसा करायचा हे शिकवणारा एक क्रेडिटचा छोटा कोर्स असतो तो. नॉर्थ कॅरोलायनात त्याचा क्रमांक एसीए १२२. आपली मुलं त्याला नाकं मुरडतात, घ्यायला लावा.

इंग्रजीचा पहिला कोर्स, म्हणजे ईएनजी १११, भारतातून आलेल्या मुलांना गणितापेक्षा जड जातो. व्याकरण पक्कं असतं. अडतं ते स्वतःचं मत मांडून त्याला आधार देण्यात, आणि दुसऱ्याचं वाक्य नाव न देता वापरण्यात. आपल्याकडे पुस्तकातलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं की पूर्ण गुण मिळतात; इथे त्यालाच चोरी म्हणतात, आणि कॉलेजची शिस्तभंगाची नोंद शाळेच्या रागावण्याइतकी सौम्य नसते. पहिला निबंध देण्याआधी कॉलेजच्या लेखन केंद्रात दाखवून आणा. ते मोफत असतं.

सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी सिलॅबस मिळतो. त्यात सगळ्या तारखा असतात आणि कुणी पुन्हा आठवण करून देत नाही. त्या तारखा फ्रिजवर लावा, पण पाठपुरावा मुलाने करायचा. कारण इथे पालकांना एक धक्का बसतो: कॉलेजच्या नोंदींवरचा हक्क कायद्याने विद्यार्थ्याचा असतो, मग तो पंधरा वर्षांचा का असेना. शाळेचं पालकांसाठीचं पोर्टल असतं तसं इथे काही नाही. प्राध्यापक तुमच्या ईमेलला उत्तर देणार नाहीत, आणि ते उद्धटपणाने नसतं. मूल स्वतः ऑफिस अवर्सला (प्राध्यापकांच्या विद्यार्थ्यांना भेटायच्या वेळेत) जाऊन विचारेल, तर मात्र बहुतेक जण भरभरून वेळ देतात. ते जायला शिकणं हाच माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात टिकाऊ लाभ.

मुलाला शाळेत आयईपी असेल, म्हणजे शिकण्यातल्या अडचणीसाठी खास योजना असेल, तर ती कॉलेजच्या वर्गात आपोआप लागू होत नाही. मुलाने कॉलेजच्या अपंगत्व-सेवा कार्यालयात स्वतः नोंदणी करून जादा वेळ वगैरे मागावं लागतं. वर्ग सुरू होण्याआधी करा.

आणि नापास होण्याचं काय? इथे एटीकेटी नाही. एफ आला तर तो ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, कायमचा राहतो, कोर्स पुन्हा घेतला तरी आधीची नोंद दिसत राहते. सुरुवातीच्या काही दिवसांत, नॉर्थ कॅरोलायनात साधारण वर्गाचा पहिला दहा टक्के काळ, कोर्स सोडला तर मागमूस राहत नाही. त्यानंतर ठरावीक तारखेपर्यंत सोडला तर डब्ल्यू, म्हणजे 'कोर्स सोडला' अशी नोंद, लागतो. एक डब्ल्यू म्हणजे संकट नाही. तीन-चार असले तर पुढे खुलासा द्यावा लागतो, आणि मूल नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर आर्थिक मदतीसाठीच्या प्रगतीच्या निकषातही ते अडचणीचे ठरू शकतात. डब्ल्यूची शेवटची तारीख सिलॅबसवर लाल शाईने गोल करून ठेवा, आणि त्याच्या आठवडाभर आधी मुलाशी शांतपणे बोला. झेपत नसेल तर सोडून देणं शहाणपणाचं. 'लोक काय म्हणतील'साठी धरून ठेवलेल्या कोर्सचा शेवट बहुधा डी किंवा एफमध्ये होतो.

प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून जपून ठेवा. चार वर्षांनी दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाने 'या कोर्समध्ये नेमकं काय शिकवलं' असं विचारलं, तर तोच पुरावा.

पाचवी पायरी: बारावीतला अर्ज

साठ क्रेडिट असले तरी मुलाने प्रथम वर्षाचा विद्यार्थी म्हणूनच अर्ज करायचा असतो, ट्रान्सफर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून आलेला, म्हणून नाही. हायस्कूल संपण्याआधी घेतलेले कोर्स यात मोजत नाहीत. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी हा नियम स्पष्ट लिहिलेला आहे. याचं महत्त्व शिष्यवृत्तीत आहे, कारण मोठ्या शिष्यवृत्त्या बहुधा प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठीच असतात. बारावीनंतर सप्टेंबरमध्ये कम्युनिटी कॉलेजात एखादा कोर्स घेतला, तर हा दर्जा जाऊ शकतो. मध्ये वर्षभर थांबायचा विचार असेल तर आधी विद्यापीठाला विचारा.

ज्या ज्या कॉलेजात एक जरी कोर्स घेतला असेल, त्या प्रत्येकाचं ट्रान्स्क्रिप्ट द्यावं लागतं. शाळेच्या गुणपत्रकावर ग्रेड दिसतेय म्हणून चालत नाही, आणि कम्युनिटी कॉलेज ते आपण होऊन पाठवतही नाही. मे महिन्याच्या शेवटी, शेवटच्या ग्रेड लागल्यावर आणि असोसिएट डिग्रीची नोंद झाल्यावर, अंतिम ट्रान्स्क्रिप्ट मुलाने मागवायचं. मग विद्यापीठाच्या पोर्टलवर क्रेडिट कशाच्या जागी लागलेत ते ओरिएंटेशनच्या आधी तपासायचं. 'इलेक्टिव्ह', म्हणजे ऐच्छिक विषय, म्हणून लागलेला कोर्स खरं तर अनिवार्य विषयाच्या जागी चालायला हवा, असं वाटलं तर संबंधित विभागाला सिलॅबस जोडून पुनर्विचाराची विनंती करता येते. हे विषय निवडण्याच्या दिवसाआधी झालं नाही, तर मूल सोळाव्या वर्षी केलेल्याच कोर्सच्या वर्गात पुन्हा जाऊन बसतं, आणि त्याची फी या खेपेला तुम्ही भरता.